नॅरोगेजच्या जुन्या टँकरची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आम्ही आठ-नऊ जण एका चारचाकी नॅरोगेज टँकरची दुरुस्ती करतोय. बहुतेक जण रेल्वेच्या कॅरेज-वॅगन खात्यातून निवृत्त झालेले, दोघं हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशन करणारे आणि एक शाळामास्तर. बघायला येणारे प्रश्न विचारतात, फोनवरही तेच विचारलं जातं. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

हा टँकर नेमका कुठला, कसला?

अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. चार चाकं, रिबिटांनी जोडलेली आडवी टाकी, वर डोम आणि मॅनहोल, खाली तळाशी व्हॉल्व्ह. टाकी साडेचार मीटर लांब, दीड मीटर व्यासाची. रिकाम्याचं वजन ५.२ टन. वाडीकडच्या एका भंगाराच्या आवारात गॅसकटर लागायच्या दोन दिवस आधी तो आमच्या हाती आला. आता तो आमच्या ताब्यातल्या आवारात, १८० मीटर जुन्या नॅरोगेज रुळांवर उभा आहे.

इंजिन सोडून टँकर का? त्यात बघण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. चौकात उभं करायला इंजिनच हवं असतं. पण बंगाल नागपूर रेल्वे १८८७ साली स्थापन झाली आणि १९०३ पासून तिने गोंदियाहून सातपुड्यात जे नॅरोगेजचं जाळं विणलं, ते पोसलं मालडब्यांनी. मँगनीज, कोळसा, लाकूड, बांबू सगळं त्यांतूनच गेलं. टँकर तर त्याहून वेगळा. विहीर आटली की घाटातल्या लहान स्टेशनांना आणि रूळ सांभाळणाऱ्या गँगच्या चाळींना पाणी टँकरनेच यायचं. आमच्यातल्या एकाचे वडील नैनपूरकडे गँगमन होते. टँकर येणार त्या दिवशी आई पहाटेच हंडे मांडून ठेवायची, असं आमचे हे सोबती सांगतात.

नॅरोगेजचा छिंदवाडा मार्ग २०१५ अखेर बंद झाला, नागभीड मार्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये. इंजिनं आणि सलून (साहेबांचे खास डबे) जपले गेले, त्याचा आनंदच आहे. मालडबे मात्र वजनावर गेले. इंजिन कोणीतरी वाचवतंच. डब्याला कोणी वाली नसतो, म्हणून आम्ही डबा घेतला.

हा मोतीबागच्या संग्रहालयात आहे का?

नाही. मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय १४ डिसेंबर २००२ रोजी उघडलं आणि आज ते दक्षिण पूर्व मध्य रेल्वे चालवते. आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण नॅरोगेजची आवड असेल तर आधी तिथे जा. तिथे इंजिनं बघितलीत की आमच्या टँकरकडे जास्त समजून बघाल.

निर्मात्याची पाटी नाही, मग वय कसं काढलं?

पाटी होती त्या जागी सोलबारवर, म्हणजे चौकटीच्या बाजूच्या लांब तुळईवर, फक्त चार भोकं उरली आहेत. म्हणून टँकर वाचावा लागला, आणि या कामातला सगळ्यात सुंदर भाग हाच.

टाकीच्या बाजूवर आम्ही तळहाताएवढी एक खिडकी धरली. पाण्यात बुडवलेल्या बारीक पॉलिश पेपरने ती एक-एक थर घासत गेलो. प्रत्येक थराची कड उघडी ठेवली, कापलेल्या कांद्यासारखी. वर ॲल्युमिनियम रंग, त्याखाली तांबडा, त्याखाली काळा, पुन्हा तांबडा आणि अगदी तळाला शेंदरी. काळ्या थरावर अक्षरं दिसली : ‘१७५० गॅलन’, इंग्रजी आकड्यांत. शाळामास्तरांनी तिथेच कागदावर हिशेब मांडला. दीड मीटर व्यास, साडेचार मीटर लांबी, म्हणजे सुमारे ७,९५० लिटर. ४.५४६ लिटरचा एक गॅलन धरला तर १७५० गॅलन म्हणजे ७,९५५ लिटर. आकडा जुळला तेव्हा सगळे क्षणभर गप्प झाले.

या आकड्यातून काळही मिळतो. आपल्याकडे मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. गॅलन लिहिलेला काळा थर त्याच्या आसपासचा किंवा आधीचा. रेल्वेची आद्याक्षरंही अशीच कामी येतात. बंगाल नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारजमा झाली, १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत गेली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली आणि एप्रिल २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य. त्यामुळे ‘बी.एन.’, ‘द.पू.’, ‘द.पू.म.’ यातलं कुठलं अक्षर कुठल्या थरावर आहे ते कळलं की थराचं वय कळतं. ॲक्सलच्या टोकांवर आणि कमानपाट्यांच्या बकलवर (पाट्या आवळणाऱ्या पट्टीवर) साल ठोकलेलं असतं, पण त्यावर फार विसंबू नका. कारखान्यात चाकं या डब्याची त्या डब्याला सर्रास लागायची.

दुरुस्तीची सुरुवात कुठून करायची?

गॅस तपासण्यापासून. रंग, गंज, चाकं सगळं नंतर.

आमच्यातले सर्वांत वडीलधारे खलाशी पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, “भरल्या टाकीले भेऊ नको, रिकाम्या टाकीले भे.” हे वाक्य आम्ही पत्र्यावर लिहून फाटकाशी लावलं आहे. भरलेल्या टाकीत तेल असतं. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं, आणि स्फोट त्याचाच होतो. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरे. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहते. मॅनहोलवर नाक नेलं आणि वास आला नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

पेट्रोलियम नियम २००२ प्रमाणे, ज्या टाकीत पेट्रोलियम होतं तिच्यावर ती साफ आणि वायुमुक्त असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय आगीचं काम करता येत नाही. दाखला सक्षम व्यक्तीकडूनच घ्यायचा. देशभर हा विषय बघणारी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, तिचं मुख्यालयच आपल्या नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे. नागपूरकरांना निदान नियम विचारायला लांब जावं लागत नाही.

आम्ही केलं ते असं. दोन्ही झाकणं आणि तळाचा व्हॉल्व्ह उघडे ठेवून टाकी आधी आठवडाभर वारा खात ठेवली. मग वाफेने धुतली, गाळ लाकडी खोऱ्यांनी आणि पितळी खरवडण्यांनी बाहेर काढला. लोखंडाने लोखंड खरवडायचं नाही. गॅसच्या मीटरने वर, मध्ये आणि तळाला, अशा तिन्ही जागी मोजलं.

यापुढची गोष्ट फार कमी लोक सांगतात. मीटर शून्य दाखवत असला तरी रिबिटांच्या जोडात दोन पत्र्यांमध्ये तेल मुरलेलं असतं. गंजाच्या पापुद्र्यामागेही असतं. थंड असताना ते गप्प बसतं, उष्णता लागली की पुन्हा वाफ सोडतं. म्हणून सकाळचा दाखला दुपारी चालत नाही. प्रत्येक पाळीला पुन्हा मोजायचं.

यात तर पाणीच भरायचे म्हणता, मग एवढी भीती कशाला?

दोन कारणं. एक म्हणजे टँकरचं काम आयुष्यात बदलत राहतं. आमच्या टाकीत शेवटी पाणी होतं, पण तळाच्या गाळाला डिझेलचा वास आलाच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. बंद टाकीत लोखंडाला गंज चढतो तेव्हा तो हवेतला ऑक्सिजन खातो. बाहेर हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला तर आत उतरू नये. बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीतही माणूस शिडीवरून दोन पायऱ्या उतरून कोसळू शकतो, आणि त्याला काढायला धावत उतरलेला दुसराही. आत एक जण असेल तर बाहेर एक जण दोर धरून उभा राहतो. तो चहालाही जात नाही.

गळकी जागा वेल्डिंग करून का बुजवत नाही? सोपं पडेल.

सोपं पडेल, पण आम्ही करत नाही. वरचं कारण आहेच. शिवाय रिबिटच्या जोडाशेजारी वेल्डिंग केलं की पत्रा ओढला जातो आणि शेजारचे चांगले रिबिट ढिले होतात. एक गळती बुजवायला जाऊन चार नव्या करून ठेवायच्या. आणि खरं सांगायचं तर रिबिटची टाकी वेल्डिंगने शिवली की ती रिबिटची टाकी राहत नाही.

प्रत्येक रिबिट हातोडीने तपासला. डाव्या हाताचं बोट रिबिटच्या डोक्याच्या एका कडेला टेकवायचं आणि उजव्या हाताने दुसऱ्या कडेवर हलकी टिचकी मारायची. घट्ट रिबिट खणखणतो आणि बोटाला काही जाणवत नाही. ढिला रिबिट ठसका लागल्यासारखा बोलतो आणि बोटाला बारीक थरथर कळते. ६१२ पैकी ४७ ढिले निघाले. खडूने त्यांवर फुली मारली.

डोकं घासून, पंचाने ठोकून ते काढले. नवे भट्टीत तापवून बसवले, तेही टाकी पुन्हा तपासून, आत हवा खेळती ठेवून, पाण्याचा पाइप हाताशी ठेवून. रिबिट किती तापला ते डोळ्याने ओळखावं लागतं. लाल असताना बसवला तर नीट भरत नाही, पांढरा पडू लागला तर जळतो. संत्र्याच्या सालीचा रंग आला की तो क्षण. एकाने सांडशीने काढायचा, दुसऱ्याने आतून डॉली (टेकू देणारा जड ठोकळा) लावून धरायची, तिसऱ्याने बाहेरून स्नॅप (डोकं घडवणारा खोलगट ठसा) ठेवून हाणायचं. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. थंड होताना रिबिट आखडतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळतो. सगळी ताकद त्या आखडण्यात आहे.

ज्या जोडातून नुसता घाम येत होता, तिथे कॉकिंगच्या बोथट छिन्नीने पत्र्याची कड दाबून बसवली. तरीही दोन-तीन ठिकाणी ओल राहिली. ती ठेवली. रिबिटच्या जोडातली बारीक ओल गंजाने आपोआप बंद होते, हे जुने लोक सांगत आणि ते खरं निघालं.

किती पत्रा बदलला?

तळाच्या व्हॉल्व्हभोवतीचा फक्त ६०० बाय ४५० मिलिमीटरचा तुकडा. मूळ पत्रा अडीच सूत म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर. अल्ट्रासॉनिक मापकाने दर १५ सेंटिमीटरवर मोजलं, बहुतेक ठिकाणी सहा-साडेसहा उरलाय आणि त्या तुकड्यात ४.१. पाणी भरून ठेवायला तेवढा पुरत नाही असं आम्ही ठरवलं. काढलेला तुकडा टाकून दिला नाही. त्याच्यावर तारीख लिहून ठेवली आहे.

खोगिरांखाली मात्र वेगळंच निघालं. टाकी ज्या खोगिरांवर बसते तिथे मध्ये लाकडी पॅकिंग असतं. ते कुजून स्पंजासारखं झालेलं, आणि ओल धरून त्याने वरचा पत्रा खाल्लेला. बाहेरून याचा पत्ता लागत नाही. कोणी जुना टँकर घेत असेल तर आधी खोगिराखालचं लाकूड बघा. नवीन पॅकिंग बल्लारशा सागाचं, लकडगंजातून आणलं, गरम जवसाच्या तेलात दोन दिवस ठेवून मग बसवलं.

चाकं आणि बेअरिंग?

चाकांना विशेष करावं लागलं नाही. फ्लँजची (चाकाच्या बाहेर आलेल्या कडेची) जाडी, धार, टायरवरचे सपाट चट्टे गेज लावून तपासले, ॲक्सलची अल्ट्रासॉनिक तपासणी बाहेरून करून घेतली.

बेअरिंग जुन्या पद्धतीचं आहे : ॲक्सल बॉक्समध्ये ब्रास म्हणजे पितळी टेकू, त्याला आतून व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचं अस्तर, खाली तेलात भिजवलेला कॉटन वेस्ट, म्हणजे सुताच्या चिंध्या. दोन ब्रासचं अस्तर नव्याने ओतलं. ओतल्यावर खरं काम सुरू होतं. जर्नलवर, म्हणजे ॲक्सलच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या टोकावर, निळीचा पातळ हात मारायचा, ब्रास ठेवून फिरवायचा, काढून बघायचा. निळं लागलं तो उंचवटा, तिथे खरवडायचं, पुन्हा लावून बघायचं. एका ब्रासला अडीच दिवस लागले. घाई केली तर बेअरिंग एकाच जागी टेकतं, तापतं आणि ‘हॉट ॲक्सल’ होतो. नोकरीत असताना रात्री लाइनवर तो प्रकार ज्याने निस्तरला आहे, तो अडीच दिवस हसत देतो.

ब्रेक चालतात का?

चालतात. व्हॅक्यूम ब्रेक आहे. इंजिन पाइपमधली हवा ओढून घेतं तोवर ब्रेक सुटलेले राहतात. पाइपमध्ये हवा शिरली की वातावरणाचा दाब पिस्टनला उचलतो आणि ब्रेक लागतात. गाडी तुटली तरी ब्रेक आपोआप लागतात, हे यातलं मोठेपण. आमचा सिलिंडर १५ इंचांचा आहे. पाऱ्याच्या ४६ सेंटिमीटर व्हॅक्यूमवर तो सुमारे सातशे किलोंचा जोर लावतो.

पण सहा महिने ब्रेक धरेना. पाइप, होज, डायफ्रॅम सगळं बदललं. दोष निघाला रोलिंग रिंगमध्ये. पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये रबराची एक गोल रिंग असते, पिस्टन हलला की ती घासत नाही, लोळते. बसवताना ती एका जागी पिळली गेली होती, जेमतेम बोटभर. बसवली मीच होती. रिंग घालताना तिच्यावरची साच्याची रेघ सगळीकडे एकाच बाजूला दिसली पाहिजे, हे तेव्हा बघायचं राहिलं. आता दरवेळी दोघं जण बघतात.

रंग कधी आणि कोणता?

इथे आमच्या हातून भरून न येणारी चूक झाली.

घाई होती, म्हणून पहिल्या वर्षी एका बाजूचा रंग काढायचं काम बाहेर दिलं. मजुराने मशीनचा ग्राइंडर लावला. आम्ही दुपारी पोहोचलो तोवर ‘द.पू.’ ही अक्षरं आणि त्याखालची ओव्हरहॉलची तारीख गेली होती. कोणा पेंटरने हाताने काढलेला ‘द’, त्याची शेपटी त्याने स्वतःच्या वळणाने मारलेली. फोटोही नव्हता. सगळ्या बाजूंचे फोटो आणि अक्षरांचे ट्रेसिंग आधी काढले असते तर निदान तेवढं उरलं असतं. सांगायला बसलो की अजून वाईट वाटतं. तेव्हापासून नियम केलाय : आधी ट्रेसिंग पेपर, मग फोटो, मग हात.

ग्राइंडर नको म्हणायला आणखी एक कारण आहे. तळाचा शेंदरी थर म्हणजे शेंदूरच, शिशाचं ऑक्साइड. त्याची धूळ फुप्फुसात गेली की शिसं रक्तात जातं. ओलं करूनच घासायचं, चांगला मास्क लावायचा, कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. घरात लहान मुलं असतील तर हे अजिबात विसरू नका.

दुसरी चूक उन्हाची. त्याच वर्षी मेमध्ये, पावसाआधी उरकायचं म्हणून रंग मारला. नागपुरात हवा ४५ अंशांवर असते तेव्हा उन्हातल्या पत्र्यावर हात टेकवत नाही. ब्रश ओढताओढताच रंग सुकत होता. जुलैत बोटाने पापुद्रे निघाले. आता रंग फक्त दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळी दव पूर्ण वाळल्यावर. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. साधा थर्मामीटर आणि आर्द्रतामापक पुरतो.

रंग काळा दिला, गॅलनच्या काळातला. एका बाजूची खिडकी मात्र तशीच उघडी ठेवली आहे, वर पारदर्शक वार्निशचा हात देऊन.

पाणी भरून बघितलंत का?

हो, एकदा. रुळांखाली स्लीपर वाढवून, टप्प्याटप्प्याने. आठ हजार लिटर म्हणजे आठ टन, म्हणून घाई केली नाही. पाणी मोजायला डोममधून डिप रॉड (खुणांची मोजकाठी) टाकतात. लोकांना वाटतं पाव उंचीला पाव टाकी भरते. आडव्या गोल टाकीत तसं होत नाही. पाव उंचीला जेमतेम १९.६ टक्के पाणी असतं. म्हणून रॉडवरच्या खुणा सारख्या अंतरावर नसतात, तळाशी आणि माथ्याशी लांब-लांब, मध्ये जवळ-जवळ. पाणी चोवीस तास ठेवलं, मग आवारातल्या झाडांना सोडलं.

तो चालतो का? बसता येईल का?

चालतो, पण बसायला देत नाही. सध्या सहा माणसं ढकलतात. महिनाभर उभा असला की पहिला धक्का फार जड जातो, कारण जर्नल आणि ब्रासमधलं तेल दबून बाहेर गेलेलं असतं. अर्धा फेरा फिरला की तेल पुन्हा चढतं आणि टँकर एकदम हलका होतो, हाताला स्पष्ट कळतं. टाकी रिकामी ठेवूनच चालवतो. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हेलकावे खातं, थांबलेला डबा पुन्हा पुढे ओढतं.

खर्च किती आला?

सामानाचा फार नाही. जास्त खर्च वाहतुकीचा आणि क्रेनचा. नटबोल्ट, पट्ट्या, अँगल इतवारीच्या लोहाओळीत मिळतात आणि तिथले जुने दुकानदार इंची मापं अजून ओळखतात. जिथे खर्च टाळू नये ते म्हणजे गॅसची तपासणी आणि ॲक्सलची तपासणी.

मदत करायची आहे. काही येत नसेल तरी चालेल का?

चालेल. रविवारी सकाळी, बंद बूट घालून या. पहिले दोन रविवार खरवडायला आणि लिहून घ्यायला मिळेल. टाकीच्या आत कोणालाही पहिल्या दिवशी उतरवत नाही. पावसाळ्यात काम बंद असतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, मग भट्टी पेटते.

घरी जुनी रेल्वेची वस्तू आहे. तुम्हाला उपयोगी पडेल का?

वस्तू तुमच्याकडेच राहू द्या, पण आम्हाला दाखवा. नॅरोगेजच्या डब्यांचे फोटो, ओव्हरहॉलच्या वह्या, पेंटरांचे अक्षरांचे पत्र्याचे साचे यांची फार गरज आहे. आजोबा मोतीबागेत किंवा इतवारीला पेंटर असतील आणि माळ्यावर असे साचे पडले असतील तर त्यात ‘द’ आहे का, तेवढं बघा.